बार फुसका का निघतो

विजापूरच्या शेरझा बुरुजावरची मुलूख मैदान तोफ ही मूळची नगरची. १५४९ साली निजामशाहीत, अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, रूमीखान या तुर्की ओतकारानं ती ओतली. तिथून ती परांड्याला गेली आणि १६३२ मध्ये आदिलशाहीच्या मुरार पंडितानं ती विजापूरला नेली. सुमारे ५५ टन वजनाचं हे धूड, तोंडात माणूस सहज मावेल अशी नळी. पण ही सगळी अजस्र यंत्रणा अवलंबून होती मागच्या बाजूच्या एका बारीक भोकावर. त्याला तोफेचा कान म्हणत. कानात रंजक, म्हणजे बारीक दळलेली दारू, भरायची आणि तिला पेटती जामगी लावायची. रंजक ओली झाली किंवा कानात काजळी साठली, की ५५ टनांचं नुसतं ओझं उरायचं. शत्रूची तोफ हाती लागली आणि ओढून नेण्याइतकी सवड नसली, तर ती फोडत बसायची गरज नसे. कानात एक मेख ठोकली की काम भागायचं.

तोफेपासून पिस्तुलापर्यंत सगळ्या हत्यारांची गोम अशी एकाच जागी आहे: पहिली ठिणगी कुठून आणि कशी पोचते. आज हे काम काडतुसाच्या बुडाशी बसवलेली केप करते. कारखान्यातले लोक तिला प्रायमर म्हणतात. करंगळीच्या नखापेक्षाही लहान अशी ही धातूची वाटी. बंदुकीवर लिहिणारे नळीवर लिहितात, गोळीवर लिहितात, पल्ल्यावर तर पानंच्या पानं लिहितात. केपेच्या वाट्याला एखादं वाक्य येतं. आणि बार फुसका निघाला की मात्र पहिला आळ तिच्यावर. ‘केप खराब होती,’ असं म्हणून माणसं मोकळी होतात. बहुतेक वेळा ती बिचारी धडधाकट असते. चुकलेली असते ती तिची बैठक.

ठिणगी आधी उघड्यावर होती, मग झाकली गेली. तोड्याच्या बंदुकीत आणि पुढे चकमकीच्या बंदुकीत रंजक नळीबाहेरच्या छोट्या खोबणीत असायची. पाऊस आला की ती भिजायची, वारा सुटला की उडायची. आपल्याकडच्या मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायच्या, त्यामागे नद्यांचे पूर, चिखल आणि चारा ही कारणं होतीच. पण पावसात पेट न घेणारी रंजक हेही काही लहान कारण नव्हतं. अपवादही होते: १८०३ च्या ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात, आर्थर वेलस्लीनं नगरची पेठ आणि मग भुईकोट किल्ला घेतला, तेव्हा त्याच्या शिपायांच्या हातातही चकमकीच्याच बंदुका होत्या.

उघड्या रंजकेवरचा तोडगा काढला एका शिकारी पाद्र्यानं. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचा अलेक्झांडर फोर्साइथ पाणपक्ष्यांच्या शिकारीला जायचा. चाप ओढला की आधी बाहेरची रंजक भडकायची आणि मग आतली दारू. मधल्या निमिषात तो भडका पाहून पक्षी बुडी मारायचे. ठोका बसताच पेट घेणारं पारायुक्त फल्मिनेट एडवर्ड हॉवर्ड या रसायनतज्ज्ञानं १८०० साली जगापुढे मांडलं होतं. फोर्साइथनं अशा स्फोटक क्षारांचा उपयोग दारू म्हणून न करता केवळ ठिणगी म्हणून केला आणि १८०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढच्या पंधरा वर्षांत तांब्याची टोपीसारखी केप आली. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका आजही याच तत्त्वावर चालतात: नळीच्या बुडाशी एक पोकळ खुंटी, तिच्यावर केप आणि केपेवर पडणारा घोडा.

फरक किती पडला याचा हिशोब उपलब्ध आहे. १८३४ मध्ये इंग्रजांनी वुलविचला दोन्ही प्रकारच्या बंदुकांतून प्रत्येकी ६००० बार काढून पाहिले. चकमकीच्या बंदुका ९२२ वेळा फुसक्या निघाल्या, केपेच्या ३६ वेळा. म्हणजे आधी साडेसहा बारांमागे एक दगा, नंतर १६६ बारांमागे एक. तरी सरकारी काम सावकाशच चाललं. १८४१ च्या मे महिन्यात चीनमध्ये कँटनजवळ मद्रासच्या ३७ व्या पलटणीची एक तुकडी मुसळधार पावसात सापडली. चकमकीच्या बंदुका गप्प झाल्या आणि शिपाई संगिनींवर भाले अडवत उभे राहिले. त्यांना सोडवायला जे गोरे मरीन आले त्यांच्या बंदुका केपेच्या होत्या आणि त्या पावसातही वाजल्या.

१८५७ च्या काडतुसांवरची चरबी शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण एन्फील्ड रायफलीच्या त्या कागदी काडतुसात केप नव्हती, हे सहसा कुणी सांगत नाही. काडतूस दातानं फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी गजानं ठासायची आणि मग कमरेच्या पिशवीतून वेगळी केप काढून खुंटीवर चढवायची. दिल्लीतल्या बंडवाल्यांची पुढे पंचाईत झाली ती केपांवरूनही. दारू स्थानिक कारागीर कुटू शकत होते. केप बनवणं हे मात्र कारखान्याचं काम होतं.

केप काडतुसातच बसवायची कल्पना पुढच्या दशकात पक्की झाली. १८६६ च्या सुमारास अमेरिकेच्या हायरम बर्डननं आणि वुलविचच्या एडवर्ड बॉक्सरनं आपापली रचना पुढे आणली. बर्डनची ऐरण, म्हणजे ज्यावर ठोका झेलला जातो तो टेकू, काडतुसाच्या पितळेतच असते, आणि तिच्या दोन बाजूंना ज्वालेसाठी दोन बारीक भोकं. बॉक्सरची ऐरण केपेच्या आत असते आणि भोक मधोमध एकच. गंमत अशी की अमेरिकन माणसाची रचना युरोपनं आणि बहुतेक जगानं उचलली, इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये उभा राहिला तो नेमका या बदलाच्या उंबरठ्यावर. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ अशी जी अक्षरं दिसतात ती खडकीची. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगावचा कारखाना १९६४ मध्ये आला. २०२१ च्या फेररचनेनंतर हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’खाली आहेत.

आता केपेच्या पोटात डोकावू. बॉक्सर केप म्हणजे एक वाटी, तिच्या तळाशी ठोक्यानं पेटणाऱ्या मिश्रणाचा पातळ थर, त्यावर कागदाचा किंवा वर्खाचा पडदा आणि त्यावर दोन-तीन पायांची इवलीशी ऐरण. लहान केपेचा व्यास सुमारे ४.४५ मिमी, मोठीचा ५.३३ मिमी. ही वाटी काडतुसाच्या बुडातल्या खळग्यात दाबून बसवतात. फायरिंग पिनचा ठोका पडला की वाटीचा पत्रा आत दबतो, मिश्रण पत्रा आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडतं, भडकतं आणि त्याची ज्वाला सुमारे २ मिमीच्या भोकातून दारूपर्यंत जाते.

यातली खरी मेख आहे ‘मध्ये चिरडणं’. दिवाळीत टिकल्या फोडलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. टिकली फरशीवर ठेवून दगड मारला तर फाटकन वाजते. तीच टिकली अंगणातल्या मऊ मातीवर ठेवून मारा, दगडाचा जोर मातीत जिरतो आणि टिकली तशीच मातीत रुतून बसते. काडतुसात ऐरणीचे पाय खळग्याच्या तळाला टेकलेले नसतील तर हेच होतं. पिनचा सगळा जोर केप पुढे ढकलण्यात खर्ची पडतो. केप तळाला टेकते, पण फुटत नाही. तोच चाप दुसऱ्यांदा ओढला की बहुतेक वेळा बार निघतो, कारण पहिल्या ठोक्यानं अर्धवट राहिलेली बैठक पूर्ण केलेली असते. दुसऱ्या ठोक्याला पेटलेलं काडतूस म्हणजे केप निर्दोष असल्याचा जवळजवळ दाखलाच. आणि तरी बोल तिलाच लागतो!

हा दोष सर्वांत जास्त कुठे भेटतो? कारखान्यात नाही, तिथे प्रत्येक काडतुसाच्या बुडाची तपासणी होते. तो भेटतो अमेरिकेतल्या घरगुती गॅरेजात. तिकडे नेमबाज वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा भरतात. स्पर्धेचा सराव करणाऱ्याला गोळ्या हजारांनी लागतात आणि पुंगळी हा काडतुसातला महाग भाग. त्यासाठी टेबलाला जखडलेला एक हातयंत्रासारखा प्रेस असतो. साध्या प्रेसवर एका वेळी एकच काम होतं. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर पुंगळ्या एका गोल चकतीत, शेल प्लेटमध्ये, बसतात. दांडा एकदा ओढला की प्रत्येक जागेवर वेगळं काम उरकतं आणि चकती एक घर पुढे सरकते. पहिल्या घरात फुगलेली पुंगळी दाबून मूळ मापाला आणायची आणि जळकी केप खालून पाडायची. दांडा परतताना त्याच खळग्यात नवी केप बसवायची. पुढच्या घरात दारू, मग गोळी, शेवटी तोंड आवळणं. सगळं भरात आलं की दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक तयार काडतूस टपकतं.

या साखळीतली बाकी कामं दांडा खाली येताना होतात, तेव्हा पूर्ण शरीराचा जोर मिळतो आणि डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, जिथे थांबेल तिथे हात थांबतो. केप बसते ती अनेक प्रेसवर दांडा परत ढकलताना, शेवटच्या बोटभर अंतरात. तिथे थांबा नसतो, असतो तो हाताचा अंदाज. लय लागलेली असते, माणूस कंटाळलेला असतो, आणि दांडा जेमतेम मागे टेकवून पुढचा फेरा सुरू होतो. केप उंच राहते. मला विचाराल तर प्रेसमधले अर्धे दोष हे प्रेसचे नसतातच, या घाईचे असतात. पण यंत्रात पैसे घातलेला माणूस आधी पाना घेऊन यंत्र खोलतो.

किती खोल बसली म्हणजे नीट बसली? पुंगळीच्या बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आत. मापात सांगायचं तर ०.०८ ते ०.१३ मिमी, वहीच्या एका कागदाच्या जाडीइतकं. एवढी सूक्ष्म गोष्ट मोजायला उपकरण लागत नाही. बुडावरून बोटाचं टोक फिरवलं की आत उतरल्याचं जाणवलं पाहिजे. उंचवटा लागला तर केप वर आहे. दुसरी पद्धत याहून सोपी. तयार काडतुसं सपाट काचेवर उभी करायची आणि वरून हलकेच टिचकी द्यायची. जे डुगडुगेल त्याची केप उंच.

उंच केपेची शिक्षा नुसता फुसका बार एवढीच असती तर चाललं असतं. रिव्हॉल्व्हरमध्ये ती मागच्या पत्र्याला घासते आणि चक्र फिरायचं थांबतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये गोष्ट अधिक वाईट. बोल्ट वेगानं पुढे येऊन काडतुसावर आपटतो, आणि त्या आपटण्यातच केप पेटली तर कुलूप पूर्ण लागण्याआधी बार होतो. तो दाब मग मागच्या बाजूनं वाट काढतो, जिथे माणसाचा चेहरा असतो.

उंच केपेमागचं दुसरं मोठं कारण कचरा. दारूचे दाणे पुढच्या घरातून सांडतात, लोळत शेल प्लेटखाली जातात आणि केप वर ढकलणाऱ्या दट्ट्याच्या डोक्यावर बसतात. मग प्रत्येक केपेच्या पाठीवर एकाच जागी एकच खळी पडते. हे लक्षण डोळ्यांत भरणारं आहे. दहा काडतुसांच्या केपांवर दहा वेगवेगळ्या जागी ओरखडे असतील तर दोष पुंगळ्यांत शोधावा. दहांवर एकाच जागी असेल तर यंत्रात. तिसरं कारण शेल प्लेटचा मधला बोल्ट. तो सैल झाला की दट्ट्याच्या जोरानं चकतीच वर उचलली जाते, पुंगळी तिरकी होते आणि केप एका कडेला खोल, दुसऱ्या कडेला वर अशी बसते. बोल्ट फार आवळला तर चकती फिरत नाही. पुरता आवळून मग जेमतेम फिरेल इतका सैल करायचा आणि बाजूच्या छोट्या स्क्रूनं तिथेच जखडायचा, ही जुन्या हातांची रीत.

आडव्या पडलेल्या, उलट्या बसलेल्या, चेपून लाडवासारख्या झालेल्या केपा या वेगळ्या घराण्यातल्या. तिथे दोष बहुधा केपा येण्याच्या वाटेत असतो. उभ्या नळीत शंभर केपा एकावर एक रचलेल्या असतात. नळीच्या तोंडाशी प्लॅस्टिकचं टोक असतं, ते झिजलं किंवा केप घेऊन जाणारी पट्टी केसभर अलीकडे थांबली, की केप कडेवर उभी राहून दट्ट्यावर येते. उलटी केप मात्र सहसा यंत्र करत नाही. नळी भरताना माणसानंच ती तशी घातलेली असते. या नळीची थोडी भीती बाळगणं शहाणपणाचं. एक केप म्हणजे चिमूटभर ठिणगी, पण शंभर केपा एका नळीत एकदम पेटल्या तर ती नळी राहत नाही, बाँब होतो. म्हणून चांगल्या प्रेसवर तिच्याभोवती पोलादी चिलखती नळी असते आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नसतो. केप अडली तर जोर लावायचा नाही, थांबायचं. अडलेल्या केपेवर जोर काढल्यानं आजवर कुणाचं काम झालेलं नाही, झाले ते अपघात.

पुंगळ्यांचे स्वभाव हे आणखी एक प्रकरण. पॉइंट फोर्टी फाइव्ह पिस्तुलाच्या पुंगळ्या वर्षानुवर्षं मोठ्या केपेच्या होत्या. मग काही कंपन्यांनी त्याच काडतुसाला लहान केप लावायला सुरुवात केली. रेंजवरून गोळा केलेल्या ढिगात दोन्ही मिसळतात. मोठी केप लहान खळग्यात शिरत नाही, आणि लयीत असलेल्या हाताला हे कळेपर्यंत ती चिरडलेली असते. बर्डन पुंगळीचं दुखणं त्याच्याही आधीचं. मधोमध भोकच नसल्यानं जळकी केप पाडणारी सुई थेट ऐरणीवर आदळते आणि मोडते.

सर्वांत जास्त छळतात त्या लष्करी पुंगळ्या, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मशीनगनमध्ये काडतुसं धडाधड आत-बाहेर होतात. बाराच्या दाबानं एखादी केप निसटून यंत्रणेत पडली तर गन ऐन वेळी अडते. म्हणून लष्करी कारखान्यात केप बसवल्यावर खळग्याची कड तिच्यावर गोलाकार ठोकून आवळतात. वरून सांध्यावर लाखेचा रंग फिरवतात, म्हणजे दमट हवेतही ओल आत जात नाही. ब्रिटिश पद्धतीत या रंगालाही अर्थ होता. साध्या गोळीचं वलय जांभळं असे. सैनिकासाठी केलेली ही तजवीज पुन्हा भरणाऱ्याच्या मुळावर येते. जुनी केप निघते, पण आवळलेली कड तशीच राहते. नवी केप तिच्यावर अडते, तिची कड सोलली जाते, ती वाकडी बसते. उपाय एकच: ती कड आधी दाबून किंवा कापून काढायची. प्रेसला कितीही शिव्या दिल्या तरी ती आपोआप जात नाही.

बोटाचं तेल लागून केप मेली, ही या छंदातली आवडती सबब. हल्लीच्या केपा एवढ्या नाजूक नसतात. त्यापेक्षा बंदुकीची स्प्रिंग पाहावी. स्पर्धेतले लोक चाप हलका व्हावा म्हणून घोड्याची स्प्रिंग कमी ताकदीची करतात. मग ठोकाच हलका पडतो, आणि कडक पत्र्याच्या केपा दगा देऊ लागतात. नीट बसलेली केप हलका ठोकाही पुष्कळदा खपवून घेते. उंच केप अजिबात घेत नाही. हलक्या ठोक्याची खूण केपेवरच उमटलेली असते: उथळ, पसरट खळी. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतले तज्ज्ञ याच खळीवरून काडतूस कोणत्या हत्यारातून सुटलं ते ताडतात, आणि हातावर सापडणारे शिसं, बेरियम, अँटिमनीचे कणही मुख्यतः केपेतून आलेले असतात.

आपल्याकडे हा छंद का नाही, असा प्रश्न पडेल. एक तर कायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येतच दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्री धरली आहे. म्हणजे टेबलावरचा तो प्रेस, एकही केप किंवा चिमूटभर दारू जवळ नसली तरी, कायद्याच्या नजरेत दारूगोळाच. परवान्याविना दारूगोळा तयार करण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं कैद आहे आणि कमाल जन्मठेप. त्यामुळे वर सांगितलेलं सगळं आपल्यापुरतं समजून घेण्यासाठी, करून बघण्यासाठी नाही.

दुसरं कारण खेळाचं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं ते, आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्यपदक मिळवलं तेही, पॉइंट टू टू रायफलीवर. या काडतुसाला स्वतंत्र केप नसतेच. ठोक्यानं पेटणारं मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेलं असतं आणि पिन कडेवर पडते. एकदा कड चेपली की पुंगळी निकामी. पुन्हा भरणं शक्य नाही. इथेही फुसका बार निघतो, आणि बहुधा मिश्रण कडेच्या त्या भागात पोचलेलं नसतं म्हणून. काडतूस थोडं फिरवून पुन्हा ठोका मारला की दुसऱ्या भागात ते सापडतं आणि बार निघतो. सरावात हे चालतं. स्पर्धेत मात्र मन विचलित होतं ते होतंच, म्हणून वरच्या दर्जाचे नेमबाज एकाच लॉटची काडतुसं पारखून घेतात.

नगरला आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल १९४८ पासून आहे, आणि १९९४ मध्ये उघडलेल्या रणगाडा संग्रहालयात गेलं की केपेच्या गोष्टीला आणखी एक वळण लागतं. तिथल्या विजयंता रणगाड्याच्या १०५ मिमी तोफेत पिनचा ठोका नाही. तिथे केप विजेनं पेटते. तोफचीनं खटका दाबला की प्रवाह बुडाच्या केपेत जातो. म्हणजे बैठकीचा प्रश्न सुटला का? नाही, त्यानं रूप बदललं. आता ऐरण टेकली पाहिजे याऐवजी वाहक टोक स्वच्छ आणि घट्ट टेकलं पाहिजे. त्यावर काजळी किंवा गंज बसला की गोळा गप्प. रशियन बनावटीच्या टी-७२ मध्ये याचाही विचार केलेला आहे. त्याच्या १२५ मिमी तोफेच्या दारूमागची केप विजेनंही पेटते आणि ठोक्यानंही; एक वाट बंद पडली तर दुसरी आहे.

फुसका निघालेला बार लगेच उघडून पाहायचा नाही, हा नियम पिस्तुलापासून टँकपर्यंत सारखाच. काही वेळा केप पेटलेली असते, पण ज्वाला अशक्त असते आणि दारू सावकाश धुमसत असते. चाप ओढल्यावर क्षणभरानं, क्वचित काही सेकंदांनी बार होतो. म्हणून नळी लक्ष्याकडेच ठेवून थांबायचं. रेंजवर साधारण अर्धा मिनिट थांबतात. तोफांना त्याहून जास्त वेळ आणि स्वतंत्र कवायत असते.

नगर तालुक्यातल्या खारेकर्जुनेच्या लष्करी रेंजवर, जिला सगळे के. के. रेंज म्हणतात, मात्र फुसका बार हा वेगळाच प्रकार आहे. तिथे माळावर पडून राहिलेल्या गोळ्याची केप फुसकी नव्हती. ती बरोबर पेटली, म्हणून तर गोळा तोफेतून सुटून इथवर आला. पेटला नाही तो गोळ्यातला फ्यूज. फ्यूजची रचनाच अशी असते की तो पेटीत, ट्रकमध्ये, हाताळताना झोपलेला असतो आणि तोफेतून सुटतानाच्या जबर धक्क्यानं, काहींमध्ये गरगर फिरण्यानं, जागा होतो. पेटीतून नुकता काढलेला गोळा त्यामुळे माळावरच्या गंजक्या गोळ्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. माळावरच्या गोळ्याचे सगळे अडसर सुटलेले असतात, फक्त शेवटचा ठोका राहिलेला असतो. पितळ आणि तांब्याच्या भावासाठी असा गोळा घरी आणून छिन्नी-हातोडीनं फोडायला बसलेली माणसं दगावल्याच्या बातम्या नगर तालुक्यातल्या लोकांनी वाचलेल्या आहेत. असा गोळा दिसला तर त्याला हात न लावता, जागा लक्षात ठेवून पोलिसांना किंवा लष्कराला कळवायचं. ते बाँबशोधक पथक आणून तो शक्यतो जिथल्या तिथे उडवतात, उचलून नेत नाहीत.